रेघा वाचणारा दिवा

शास्त्री नदी जेथें अरबी समुद्राला मिळते, तेथें खाडीच्या दक्षिण तीरावर जयगड वसलेलें आहे. गांवाच्या टोंकाला जुना किल्ला आहे आणि त्यापासून कांहीं अंतरावर, समुद्राकडे तोंड करून, १९३२ सालीं उभारलेलें दीपगृह आहे. रात्रीं मासेमारी करून परतणाऱ्या तांडेलाला किनारा दिसत नाहीं, गांव दिसत नाहीं, दीपगृहाचा मनोराही दिसत नाहीं. त्याला दिसतो तो केवळ उजेड आणि काळोख यांचा एक ठराविक क्रम. किती वेळ उजेड आणि किती वेळ काळोख, हें प्रत्येक दीपगृहाचें निराळें ठरलेलें असतें व नाविकांच्या पुस्तकांत तें नोंदलेलें असतें. तो क्रम मोजला, कीं हें जयगडच, दुसरें कोठलें नव्हे, अशी तांडेलाची खात्री पटते. दीपगृह आपलें नांव अक्षरांनीं लिहीत नाहीं. उजेड-काळोखाच्या लांबीनें लिहितें.

त्याच परिसरांतल्या सड्यांवर आंब्याच्या बागा आहेत. चैत्र-वैशाखांत तेथें हापूसच्या पेट्या भरल्या जातात. २०१८ सालीं कोंकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालें. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर ह्या पांच जिल्ह्यांतल्या फळालाच त्या नांवानें विकलें जाण्याचा अधिकार पोंचतो. तरीही परप्रांतांतला आंबा हापूस म्हणून खपविला जातो, ही बागाईतदारांची जुनी तक्रार आहे. साल पिवळी, आकार सारखा. गिऱ्हाइकाला दोहोंतला भेद फळ कापल्यावांचून कळावा कसा? ह्यावर उपाय म्हणून अलीकडे फळांवर आणि पेट्यांवर काळ्या-पांढऱ्या खुणांच्या चिठ्ठ्या दिसूं लागल्या आहेत. त्या चिठ्ठीवर बागेचें नांव असतें, पण तेंही अक्षरांनीं लिहिलेलें नसतें. तें वाचावयाला हातांत मावणारें एक यंत्र लागतें. त्याला स्कॅनर म्हणतात. दीपगृहांत दिवा आपलें नांव सांगतो आणि दूर बसलेला माणूस तें वाचतो. येथें नांव कागदावर निश्चल असतें आणि दिवाच त्यावरून धांवून तें वाचतो. हें कसें साधतें, आणि जयगडच्या उन्हांत तें साधणें कठीण कां, ह्याचा विचार मनोरंजक आहे.

ह्या लेखनपद्धतीचा उगमही समुद्रकिनाऱ्यावरच झाला. नॉर्मन जोसेफ वुडलंड हा अमेरिकन तरुण मायामी येथील वाळूंत बसला असतां त्यानें तारायंत्राच्या मोर्स लिपींतले ठिपके व दांड्या बोटानें वाळूवर काढल्या, आणि मग तीं बोटें सहज स्वतःकडे ओढलीं. ठिपक्यांच्या अरुंद रेघा झाल्या, दांड्यांच्या रुंद रेघा झाल्या. वुडलंड व त्याचा मित्र बर्नार्ड सिल्व्हर यांनीं १९४९ सालीं ह्या कल्पनेच्या एकस्वाचा अर्ज केला व १९५२ सालीं तें त्यांना मिळालें. परंतु कल्पना होती, दिवा नव्हता. त्यांनीं पांचशें वॅटचा विजेचा गोळा वापरून पाहिला. त्याची उष्णता फार, आणि त्याचा उजेड बारीक रेघेवर एकवटणें दुरापास्त. १९६० सालीं लेसरचा शोध लागला तेव्हां योग्य दिवा हातीं आला. पुढें २६ जून १९७४ रोजीं ओहायो संस्थानांतल्या ट्रॉय गांवच्या एका दुकानांत च्युइंग गमचें पुडकें ह्या रीतीनें प्रथम विकलें गेलें. तें यंत्र दुकानाच्या मेजांत बसविलेलें होतें. यंत्र मालाकडे नेतां यावें, माल यंत्राकडे आणावा लागूं नये, ह्यासाठीं तें हातांत मावेल इतकें लहान करणें भाग होतें. आणि येथेंच प्रकाशशास्त्रज्ञाची खरी कसोटी लागली.

प्रथम चिठ्ठी पाहूं जातां, नेहमीच्या वाणसामानावर जी तेरा अंकांची खूण असते तींत एकंदर ९५ समान भाग असतात. प्रमाण आकारांत प्रत्येक भाग ०.३३ मिलिमीटर रुंद. म्हणजे सगळी खूण जेमतेम ३१ मिलिमीटरांची. पहिला अंक सोडून प्रत्येक अंकाच्या वांट्याला सात भाग येतात व त्यांत दोन काळ्या आणि दोन पांढऱ्या पट्ट्या बसविलेल्या असतात. यंत्र पट्टीची रुंदी मिलिमीटरांत मोजीत नाहीं. ही पट्टी शेजारच्या पट्टीच्या किती पट, एवढेंच पाहतें. म्हणून चिठ्ठी जवळ असो वा लांब, हात सावकाश असो वा घाईचा, अर्थ तोच राहतो. परंतु एक अट मात्र अटळ आहे. ज्या ठिपक्यानें वाचावयाचें, तो सर्वांत अरुंद पट्टीहून रुंद असतां कामा नये. जाड्या बोटानें बारीक कोरीव लेख चाचपून पाहावा तशी त्याची गत होईल.

तेव्हां कारागिराचें पहिलें काम हें, कीं लेसरचा झोत भिंगांतून नेऊन योग्य अंतरावर त्याचा बारीक ठिपका पाडणें. लोकांची समजूत अशी असते कीं लेसरचा किरण सुतासारखा सरळ, कोठेंही सारखाच जाड. वस्तुतः तसें नाहीं. भिंगानें एकवटलेल्या झोताचा आकार डमरूसारखा असतो. तो येतां येतां निमुळता होतो, कमरेशीं सर्वांत बारीक होतो आणि पुढें पुन्हा फांकत जातो. प्रकाश हा तरंगरूप असल्यामुळें हें टाळतां येत नाहीं, आणि त्यांतच सगळी गोम आहे. कमर जितकी बारीक करावी, तितका डमरू दोन्ही बाजूंस लवकर फांकतो.

आंकड्यांनीं हें स्पष्ट होईल. लाल प्रकाशाची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर धरली आणि कमरेशीं ठिपक्याचा व्यास ०.३ मिलिमीटर ठेवला, तर कमरेपासून सुमारें ११ सेंटिमीटर पुढें आणि तितकेंच मागें ठिपका दीडपटीहून मोठा होत नाहीं. म्हणजे वाचण्यासाठीं वीतभर पल्ला मिळाला. आतां अधिक बारीक रेघा वाचाव्या म्हणून ठिपका निम्मा, ०.१५ मिलिमीटरांचा, केला, तर तो पल्ला निम्मा होत नाहीं, चौथाईवर येतो. पुढें-मागें केवळ पावणेतीन सेंटिमीटर. उलट ठिपका दुप्पट केला तर पल्ला चौपट होतो, पण बारीक रेघा हातच्या जातात. बारकावा आणि पल्ला हीं दोन्ही एकाच वेळीं मागतां येत नाहींत. फळावरच्या नखाएवढ्या चिठ्ठीसाठीं यंत्र जवळ न्यावें लागतें. ट्रकवर रचलेल्या पेट्या हातभरावरून वाचावयाच्या तर पेटीवरच्या रेघाच ठळक छापाव्या लागतात. ही कुणाची हयगय नव्हे. निसर्गाचा नियमच तसा आहे.

आतां हा ठिपका चिठ्ठीवरून धांवविला पाहिजे. उन्हांत आरसा धरून समोरच्या भिंतीवर कवडसा खेळविणारें मूल सर्वांनीं पाहिलें असेल. आरसा जरासा वळविला कीं कवडसा मोठी झेप घेतो, कारण आरसा जेवढ्या कोनांतून वळतो त्याच्या दुप्पट कोनांतून परावृत्त किरण वळतो. स्कॅनरच्या पोटांत असाच एक चिमुकला आरसा असतो आणि तो पाळण्यासारखा इकडून तिकडे हेलकावे घेत राहतो. आरसा एकंदर २५ अंशांतून हलला, तर किरण ५० अंशांतून हलतो आणि २० सेंटिमीटरांवर जवळजवळ १९ सेंटिमीटर लांबीची लाल रेघ उमटते. सेकंदाला अशा १०० रेघा काढल्या, तर ठिपका सरासरी १९ मीटर वेगानें धांवतो व एक अरुंद पट्टी ओलांडावयास त्याला सुमारें १७ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दशलक्ष भागांपैकीं १७ भाग, पुरतात. डोळ्याला ती धांव दिसत नाहीं. एक अखंड लाल रेघ तेवढी दिसते.

इथवर उजेड टाकण्याचें काम झालें. तो परत मिळविणें ह्याहून अवघड. दीपगृहाच्या दिव्याचा उजेड चहूंकडे उधळला जातो. तो गोळा करून समुद्राकडे एका झोतानें कसा पाठवावा, हा प्रश्न फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगुस्तॅं फ्रेनेल यानें पायऱ्यापायऱ्यांच्या भिंगानें सोडविला, आणि १८२३ सालीं कोर्दुआन येथील दीपगृहांत तें भिंग प्रथम बसविलें गेलें. स्कॅनरपुढें हाच प्रश्न उलटा होऊन उभा राहतो. पांढऱ्या कागदावर पडलेला ठिपका आपला उजेड सर्व दिशांना विखरून टाकतो व त्यांतला यंत्राकडे वळणारा अंश तेवढाच उपयोगी पडतो. उजेड गोळा करणारा आरसा एक चौरस सेंटिमीटरांचा असेल आणि चिठ्ठी २० सेंटिमीटरांवर असेल, तर विखुरलेल्या उजेडाच्या सुमारें साडेबाराशें भागांपैकीं एकच भाग हातीं लागतो. अंतर दुप्पट केलें, कीं पांच हजारांतला एक. पांढरी पट्टी आली कीं हा क्षीण उजेड किंचित वाढतो, काळी आली कीं घटतो; आणि प्रकाशाचें विजेंत रूपांतर करणारा डायोड ही चढउतार टिपतो.

जयगडची अडचण येथून सुरू होते. कचेरींतल्या दिव्यांचा उजेड साधारण ५०० लक्स असतो. वैशाखांतल्या दुपारच्या उन्हाचा उजेड एक लाख लक्सपर्यंत जातो, म्हणजे दोनशें पट. सूर्याच्या उजेडांत लाल रंगही आलाच. डायोडपुढें केवळ लाल उजेड आंत सोडणारी रंगीत कांचेची गाळणी बसवितात. ती ३० नॅनोमीटरांचाच अरुंद पट्टा आंत सोडते असें धरलें, तरीही पांच मिलिमीटर लांब व तितक्याच रुंद कागदावर कडक ऊन त्या पट्ट्यांत जवळजवळ एक मिलिवॅट शक्ति ओततें. लेसरची शक्तिही साधारण तेवढीच. मग डायोडनें सबंध वीतभर रेघेकडे एकदम पाहिलें, तर सूर्याचा उजेड लेसरच्या कित्येक पट होऊन त्याला दिपवून टाकील.

ह्यावरचा तोड चतुर आहे. ज्या हलत्या आरशावरून किरण बाहेर जातो, त्याच आरशावरून परतणारा उजेड आंत घेतात. त्यामुळें डायोडची दृष्टि ठिपक्याबरोबरच फिरते. ठिपका जेथें, तेथेंच नजर, आणि आजूबाजूचें ऊन नजरेबाहेर. अंधाऱ्या रस्त्यानें जाणारा माणूस हातांतल्या कंदिलाच्या उजेडाइतकेंच पाहतो, तसेंच हें. शिवाय ऊन स्थिर असतें आणि पट्ट्यांमुळें होणारी चढउतार अतिशय जलद असते, म्हणून स्थिर भाग विजेच्या मंडलांत वजा करतां येतो. तरीसुद्धां अति प्रखर उजेडाची जी बारीक थरथर असते ती वजा होत नाहीं. म्हणून पेटी सावलींत ओढून घेणारा हमाल शास्त्राला धरूनच वागत असतो.

लाल उजेडाचा आणखी एक परिणाम बागाईतदारानें अवश्य ध्यानांत ठेवावा. लाल उजेडांत लाल शाई पांढऱ्या कागदासारखीच उजळ दिसते. हापूसच्या शोभेला साजेशा तांबड्या रेघा पांढऱ्या कागदावर छापल्या, तर माणसाच्या डोळ्यांना त्या सुरेख दिसतील, पण स्कॅनरला तेथें कोरा कागद दिसेल. ह्याउलट पिवळ्या अथवा केशरी कागदावर काळ्या रेघा चालतात, कारण तो कागद लाल उजेडाला जवळजवळ पांढराच. रेघा काळ्या, निळ्या किंवा हिरव्या असाव्या, तांबड्या नसाव्या. कागद फार चकचकीतही नसावा. गुळगुळीत पृष्ठ आरशासारखें वागतें आणि समोरासमोर धरल्यास लेसरचा झोत तसाच परत डायोडवर आदळून सर्व खुणा पुसून टाकतो. यंत्र सुमारें पंधरा अंश तिरपें धरलें म्हणजे ती झळाळी बाजूला निघून जाते व विखुरलेला उजेड तेवढा आंत येतो.

आतांपर्यंत सांगितलें तें रेघांच्या चिठ्ठीविषयीं. परंतु आंब्यावर आणि पेटीवर पुष्कळदां चौकोनी नक्षीची खूण दिसते. ती क्यूआर कोड होय. १९९४ सालीं जपानांतल्या डेन्सो वेव्ह ह्या संस्थेंत मासाहिरो हारा व त्याच्या सहकाऱ्यांनीं मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं ती तयार केली. तीन कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन यंत्राला दिशा दाखवितात, आणि सर्वांत जपून केलेल्या प्रकारांत खुणेचा सुमारें ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत जुळवितां येतो. ही नक्षी उभी-आडवी पसरलेली असल्यामुळें एका धांवत्या ठिपक्यानें ती वाचतां येत नाहीं. तिचें छायाचित्रच घ्यावें लागतें. म्हणून नव्या स्कॅनरांत हलता आरसा नसतो, त्याऐवजीं लहानसा कॅमेरा असतो. गिऱ्हाइकाच्या खिशांतला मोबाईल हेंही काम तसेंच करतो.

कॅमेरा आला तरी जुना तिढा सुटला नाहीं, त्यानें केवळ वेष बदलला. भिंगाचें तोंड लहान केलें म्हणजे जवळचें व लांबचें दोन्ही स्पष्ट दिसतें. पण तोंड व्यासानें निम्मे केलें कीं उजेड चौथाईवर येतो. उजेड कमी म्हणून चित्र घ्यावयास वेळ अधिक लागतो, आणि तेवढ्यांत माणसाचा हात हलतो. हात सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगानें हालत असेल, तर सेकंदाच्या हजाराव्या भागांत चित्र ०.१ मिलिमीटर सरकतें, ०.३३ मिलिमीटरांच्या रेघेला एवढें पुसट होणें सोसतें. त्याहून दसपट वेळ घेतला, तर रेघच नाहींशी होते. म्हणून यंत्राला स्वतःचे प्रखर दिवे लागतात. बरें, तोंड फारच लहान करावें, तर प्रकाश कडेशीं वळून चित्र आपोआप धूसर होतें. तोंडाचा व्यास भिंगाच्या केंद्रांतराच्या एक-अष्टमांश ठेवला, तर लाल उजेडाचा अत्यंत सूक्ष्म बिंदूही सुमारें १३ मायक्रोमीटर रुंदीचा होऊन उमटतो. आणि चित्र टिपणाऱ्या फलकावरचे कण पुष्कळदां ३ मायक्रोमीटरांचेच असतात. चौघां वाटेकऱ्यांत वाटावयाची मिळकत एकच. एकाला अधिक दिलें कीं दुसऱ्याचें कमी होतें. उजेड, पल्ला, बारकावा आणि वेळ हे ते चार वाटेकरी.

कोंकणांत ह्यांत पांचवाही येऊन बसतो, तो म्हणजे दमट हवा. खारें वारें धातूला गंज चढवितें आणि पावसाळ्यांत भिंगांवर बुरशीची जाळीं धरतात. म्हणून यंत्राच्या तोंडावर कांचेची खिडकी बसवून आंतली पोकळी घट्ट बंद करतात. ही खिडकीही सरळ बसवून चालत नाहीं. बसविली तर यंत्राचा स्वतःचाच उजेड तिच्यावरून उलटून डायोडवर येतो. ती किंचित कलती ठेवतात, म्हणजे उलटलेला उजेड भलत्या दिशेला निघून जातो. तिच्यावर बोटांचे डाग, आंब्याचा चीक किंवा धूळ बसली, तर आंतलें सारें कौशल्य फुकट जातें. मऊ स्वच्छ कापडानें ती खिडकी रोज पुसणें हा बिनखर्चाचा, परंतु सर्वांत अधिक विसरला जाणारा उपाय आहे.

डोळ्यांचा विचारही करावयास हवा. हातांत धरण्याचीं लेसर-यंत्रें बहुधा दुसऱ्या वर्गांत मोडतात; सतत झोत टाकणाऱ्या त्या वर्गाच्या दृश्य लेसरची मर्यादा एक मिलिवॅट असते. झोत चुकून डोळ्यांत गेला, तर पापणी पाव सेकंदाच्या आंत मिटते, आणि तेवढ्यांत इजा होऊं नये, ह्या हिशेबानें ती मर्यादा घातलेली आहे. म्हणजे चुकून पाहणें निभावतें, मुद्दाम रोखून पाहणें नव्हे. अधिक लांबचें वाचतां यावें म्हणून शक्ति वाटेल तितकी वाढवितां येत नाहीं, तें ह्याचमुळें. पेट्या भरतांना भोंवतीं मुलें खेळत असतात. तेथें हें यंत्र खेळणें म्हणून कोणाच्या हातीं देऊं नये.

असो. इतक्या खटपटीनें यंत्रानें चिठ्ठी वाचली, तरी त्यानें वाचली ती चिठ्ठी, आंबा नव्हे. चिठ्ठी एका पेटीवरून काढून दुसरीवर लावतां येते, तिची हुबेहूब नक्कलही छापतां येते. भिंगाला आणि आरशाला तो लबाडपणा दिसत नाहीं. ती खूण खरी ठरते ती तिच्यामागच्या नोंदवहीमुळें. कोणत्या बागेंतून किती पेट्या निघाल्या, कोणत्या दिवशीं निघाल्या व कोणाच्या हातीं गेल्या, ही नोंद चोख असेल तर एकच खूण दोन गांवीं उमटतांच लबाडी उघडी पडते. नोंद ढिली असेल, तर उत्तम स्कॅनरही खोटें नांव तितक्याच तत्परतेनें वाचून दाखवील.

जयगडच्या दीपगृहावर तांडेलाचा जो विश्वास आहे, तो केवळ भिंगाच्या गुणामुळें नाहीं. ठरलेला क्रम रात्रीमागून रात्री न चुकतां पाळला जातो, हें त्याला ठाऊक असतें, म्हणून तो त्या उजेडावर होडी हांकतो. चिठ्ठीच्या रेघांना तसा भरंवसा मिळवावयाचा असेल, तर काळी शाई, बिनचकाकीचा कागद, स्वच्छ खिडकी आणि चोख नोंद, इतकीं चार पथ्यें बागेपासून बाजारापर्यंत सर्वांनीं पाळलीं पाहिजेत. तसें झालें तर मुंबईच्या गिऱ्हाइकाला पेटी उघडण्यापूर्वींच ती कोणत्या बागेंतून आली हें कळेल, आणि वर्षभर कलमें जपणाऱ्या बागाईतदाराला आपल्या फळाचें मोल आपल्याच नांवानें मिळेल.